लेबलावरचे चार तास

सासू-जावयाचं भांडण म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडावर आधीच हसू फुटतं. खुशाल हसा. पण गिरणीवाली आणि तिचा जावई यांच्यातून दीड वर्ष विस्तव जात नव्हता, आणि जवळून बघणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नसतं. तो तिला भेटला की "या" म्हणायचा आणि ती "आलेच आहे" म्हणायची. एवढ्या तीन शब्दांतसुद्धा दोघांचे दात दिसायचे.

तिला सगळे गिरणीवालीच म्हणत. नवरा गेल्यावर तेवीस वर्षं तिने धान्य दळलं, त्याच गिरणीवर लेकीला शिकवलं, लेकीचं लग्न केलं. मग लोकांना पिशवीतल्या तयार पिठाची सवय लागली. गिरणीचा पट्टा दिवसातून जेमतेम दोन तास फिरायचा आणि उरलेला वेळ ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. शेवटी लेकीनेच मार्ग काढला. लेकीचा आणि जावयाचा कारखाना चार गल्ल्या पलीकडे होता. तिथे जुनं प्लास्टिक वितळवून त्याच्या जाड फळ्या दाबत. नुसत्या प्लास्टिकची फळी वाकते आणि अंगाला लागते ती गिळगिळीत, म्हणून त्यात कसली तरी भुकटी मिसळावी लागते. कारखान्यात तिला फिलर म्हणतात. आता सुकामेवा फोडायच्या शेडमागे अक्रोडाच्या कवचांचे ढीग पडलेले असत, त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. लेक म्हणाली, "आई, धान्य दळायचीस तशी ही कवचं दळ." गिरणीवालीने दगडी पाळ्या काढून लोखंडी बसवल्या, पिठासारखी बारीक भुकटी काढली, आणि शंभरात चाळीस भाग ती भुकटी घातलेली पहिली फळी निघाली तेव्हा प्रेसवर काम करणारे काकासुद्धा हात फिरवून म्हणाले, "अस्सल लाकूड वाटतंय हो." लोकांचा उकिरडा आणि हिची भाकरी. बाई खूश होती.

एकच अडचण होती. कवचाची भुकटी हवेतलं पाणी ओढते. ओलसर भुकटी गरम प्रेसखाली गेली की आतल्या आत वाफ होते आणि फळीला फोड येतात. म्हणून गिरणीवालीने एक फिरता ड्रम घेतला होता. एकशे पाच डिग्री, चार तास. तेवढं वाळवलं की भुकटी बिनघोर.

दीड वर्षापूर्वी एका खेपेच्या फळ्यांना फोड आले. चूक कुणाची ते देव जाणे. पण जावयाने काय केलं? पुढची चाळीस पोती दारात आली तेव्हा ट्रकवाल्यांच्या देखत, हमालांच्या देखत एकेका पोत्याचं तोंड फाडून त्यात ओल मोजायचा मीटर खुपसला आणि आकडे मोठ्याने वाचले. शाळेत नापास पोराचे मार्क वाचतात ना, तसे. "पोतं सहावं, ओलं. पोतं सातवं, ओलं." गिरणीवाली तिथेच उभी होती. एक हमाल खुदकन हसला. ते हसू तिने दीड वर्ष जपून ठेवलं.

"जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात," ती त्या दिवशी म्हणाली होती, "पण बाकीचे नऊ निदान पोती तरी फाडत नाहीत."

"ग्रहांना फळ्या विकायच्या नसतात," जावई म्हणाला.

त्या दिवशी चाळीस पोती परत गेली. महिनाभर माल बंद होता. मग लेकीने दोघांना समोरासमोर बसवलं आणि तह घडवला. मीटर तिने भंगारात घातला. यापुढे आईच्या पोत्याचं तोंड तपासणीसाठी कुणी उघडणार नाही. आईने किती डिग्रीवर किती तास वाळवलं ते लेबलावर लिहायचं आणि नवऱ्याने त्या लेबलावर विश्वास ठेवायचा. "मला रोज उठून मध्ये उभं राहायचं नाहीये," लेक म्हणाली. "लिहिलेलं खरं, इतकंच पाळा." दोघांनी मान डोलावली. आता मान डोलवायला काय लागतं?

तेव्हापासून प्रत्येक पोत्यावर गिरणीवालीच्या ठसठशीत अक्षरात लेबल असायचं: '१०५ – ४ तास'. आणि तह झाल्यापासून प्रेसवाले काका दोन्हीकडच्या बातम्या दोन्हीकडे पोचवायचे. तो माणूस स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात गोष्ट ठरत नसे.

मग मोठी ऑर्डर आली. दवाखान्यांना आणि प्रतीक्षागृहांना बाक पुरवणाऱ्या एका बाईंना हजारो फळ्या हव्या होत्या, आणि टाकाऊ गोष्टीतून केलेल्याच हव्या होत्या. पण बाई चोख होत्या. नमुन्याची फळी एक रात्र नि एक दिवस पाण्यात बुडवणार, फुगली तर नापास. मग छातीच्या उंचीवरून लोखंडी गोळा टाकणार, तडकली तर नापास. जावयाने त्याच आठवड्यात चुनखडीच्या पांढऱ्या भुकटीची सात पोती आणून फाटकाच्या आत, अगदी येणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतील अशी रचली.

"ही कशाला?" गिरणीवालीने विचारलं.

"नमुना पास झाला तर अक्रोड," जावई म्हणाला. "नापास झाला तर दुसऱ्याच दिवसापासून ही. ही पाणी पीत नाही आणि रुसत पण नाही."

म्हणजे गिरणी बंद. तिने हिशोब करायची गरजच नव्हती. अक्रोडाची भुकटी घेणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, आणि धान्य दळायला कोण येणार होतं? तेवीस वर्षांची गिरणी त्या एका फळीवर येऊन बसली होती, हे तिला कळत होतं, जावयाला कळत होतं, आणि पांढरी पोती फाटकात रचण्याचं कारणही तेच होतं.

चारच दिवसांनी काका चहाच्या वेळी गिरणीवर टपकले. "ताई, सांगू नये पण सांगतो. साहेब म्हणत होते, सासूबाईंचा माल नेहमी दमट असतो. लेबल काय, कुणीही लिहील."

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने काकांना आणखी अर्धा कप चहा दिला. पण ते गेल्यावर तिने नमुन्याच्या चार पोत्यांची भुकटी ड्रममध्ये लोटली आणि डायलचा काटा एकशे पाचवरून पुढे ढकलला. दीडशे. एकशे ऐंशी. दोनशे दहा. "घ्या जावईबापू," ती ड्रमशी बोलत होती. "आता दमट म्हणा. म्हणाच." चार तासांच्या जागी सहा तास ड्रम फिरला. पेट घेईल की काय म्हणून ती पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी राहिली. भुकटी बाहेर आली ती कॉफीसारखी दिसत होती आणि खमंग वास सुटला होता. तिला वाटलं, उत्तम. गिरणीवालीच ती, जन्मभर तिने एकच शहाणपण जपलं होतं की दाणा जितका कोरडा तितकं दळण चांगलं. जास्त कोरडं म्हणजे वाईट, असं तिच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. आणि लेबल? लेबलावर काय लिहायचं, या विचारात ती पेन घेऊन क्षणभर थांबली. दोनशे दहा लिहिलं असतं तर जावई म्हणाला असता, बघा, आधी कमी वाळवत होत्या म्हणून आता घाबरून वाढवलं. तिने नेहमीचंच लिहिलं. '१०५ – ४ तास'.

तपासणीच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून कारखान्यात गेली. बोलावलं कुणी नव्हतं. प्रेसच्या बाजूच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पाण्याची टाकी, भिंतीला टेकून लेक उभी, हातात फाइल. बाकवाल्या बाई चष्मा पुसत होत्या. जावई टाकीशेजारी घड्याळ बघत होता.

"या," तो म्हणाला.

"आलेच आहे," ती म्हणाली.

टाकीतून फळी काढली. बाईंनी ती पुसली, जाडी मोजायचा कॅलिपर लावला, पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा लावला. "हे बरोबर नाहीये," त्या म्हणाल्या आणि गिरणीवाली टेबलाजवळ सरकली. "म्हणजे, फुगलीच नाहीये. मी अशी फळी बघितली नव्हती. जवळजवळ शून्य."

गिरणीवाली जावयाकडे वळली. असा दिवस आयुष्यात एकदा येतो, तो वाया कोण घालवेल? "काय हो, दमट म्हणत होतात ना? पिळून बघा. निघतंय का थेंबभर?"

जावयाने नजर घड्याळावरून हलवली नाही. त्याने तिला आणखी चेव आला. "मीटर आणा हो कुणीतरी! आमच्या शास्त्रज्ञांना आकडे वाचायचेत मोठ्याने."

"आई, पुरे," लेक म्हणाली. पण तिच्याही ओठांच्या कडेला हसू होतं, आणि आईने ते पाहिलं.

मग फळी दोन विटांवर आडवी ठेवली. बाईंनी लोखंडी गोळा छातीपर्यंत उचलला आणि सोडला.

फळीचे तीन तुकडे झाले. तडा नाही, भेग नाही. सरळ तीन तुकडे, बिस्किटाचे होतात तसे, आणि मधला तुकडा उडून गिरणीवालीच्या पायाशी येऊन पडला. बाईंनी दुसरी फळी ठेवली. तिचे चार झाले. तिसरी ठेवायला कुणी पुढे आलं नाही. लेकीने तुकडा उचलून मोडलेली कड बघितली. आत सगळं काळसर होतं.

"हे जळालंय," ती म्हणाली.

तेव्हा जावई बोलला. माणूस कसाही असला तरी एवढं त्याच्या पदरात टाकावं लागेल की तो कुणी पकडायच्या आधी बोलला. "माझ्याकडून झालंय. भुकटी काळपट दिसली मला. वाटलं, ढिगाच्या तळची, पावसात भिजून कुजलेली कवचं दळून दिलीत. म्हणून मी इथल्या ओव्हनमध्ये पुन्हा वाळवत ठेवली. दीडशेवर, आठ तास."

बाकवाल्या बाईंना काही कळलं नाही, पण कळण्यासारखं काही चाललंय एवढं कळलं, आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"काळपट?" लेक म्हणाली. "एकशे पाचवर चार तास वाळवली तर काळपट कशी होईल?" ती आईकडे वळली. "आई, लेबलावर आहे तेवढंच वाळवलंस ना?"

"लेबल वाच की."

"लेबल मी वाचलंय. तुला विचारतेय."

"तेवढंच."

"माझ्याकडे बघून सांग."

गिरणीवालीने लेकीच्या डोळ्यांत डोळे घातले. "तुझ्याकडे बघूनच सांगते. चार तास. एकशे पाच." शब्द तोंडातून लोण्यासारखे निघाले. तिचं तिलाच नवल वाटलं.

मग जे झालं ते ऐकायला तिने गिरणी गहाण टाकली असती. लेक नवऱ्यावर कडाडली, परक्या बाईंसमोर, काकांसमोर. "मग डोळे फुटले होते का तुझे? दीड वर्ष मी घसा फोडून सांगतेय, लेबलावर विश्वास ठेव. एवढी एक गोष्ट तुला जमली नाही? माझ्या आईने सोन्यासारखा माल दिला आणि तू त्याचा कोळसा केलास!" जावई खाली मान घालून ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते. गिरणीवालीने ते कान मन भरून पाहिले.

बाकवाल्या बाई शेवटी म्हणाल्या, "माझं एवढंच म्हणणं आहे, दहा दिवसांत मला न फुटणारी फळी दाखवा. आत काय घालता ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि गेल्या.

गिरणीवाली घरी आली ती जवळपास नाचतच. दहा दिवस पुष्कळ झाले. ती चांगली भुकटी देईल, नेहमीसारखी, आणि आता तो मेला ओव्हनला हात लावणार नाही. ऑर्डर मिळेल, वर जावयाचं नाक कापलं गेलं ते वेगळंच. एका दगडात दोन पक्षी. तिने स्वतःसाठी कधी नव्हे तो शिरा केला आणि कढईतूनच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकांचा फोन आला. मागे मिक्सरची घरघर चालू होती. "ताई, पांढरी भुकटी चढवली आज. अक्रोड बंद."

"बंद कशी? दहा दिवस दिलेत ना बाईंनी?"

"साहेब म्हणाले, चांगला वाळवलेला माल, आणि नुसता आठ तास जास्त गरम झाला तर त्याचा असा कोळसा होतो? मग प्रेसच्या तोंडाशी तर एकशे ऐंशी डिग्री असते. एखाद्या दिवशी वीज गेली, माल आत अडकला, की सगळी खेप बिस्किटं. दवाखान्यात कुणी बाकावर बसलं नि बाक मोडला तर? असा नाजूक माल नको म्हणाले. चुनखडी जळत नाही."

"आणि माझी लेक काय म्हणाली?"

"आधी भांडल्या. मग म्हणाल्या, आईने चार तासच वाळवलं असेल तर तुझं बरोबर आहे. सही केली त्यांनी. ताई, तोंड बघवत नव्हतं त्यांचं."

गिरणीवालीने फोन ठेवला. तिला समजायला वेळ लागला नाही. ती मूर्ख नव्हती, नुसती हट्टी होती. तिने दोनशे दहावर सहा तास भाजलं होतं, वर त्याने आठ तास. एवढा अत्याचार झाला तेव्हा कुठे कवच मोडलं होतं. पण लेकीच्या लेखी ते एकट्या जावयाच्या आठ तासांनी मोडलं. जावयाला तोंडघशी पाडायला ती खोटं बोलली, आणि त्या खोट्याने अक्रोडालाच कुचकामी ठरवलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. स्वतःच्या पायावर तिने धोंडा पाडून घेतला होता आणि वर शिरा खाल्ला होता.

दुपारपर्यंत ती बंद ड्रमसमोर स्टुलावर बसली. वाटा शोधत होती. कवचं तळचीच होती, कुजकी, असं सांगावं? म्हणजे जावयाचा संशय खरा, आणि गिरणीवाली कुजका माल विकते म्हणून ओळखली जाणार. ड्रमचा काटा बिघडला होता म्हणावं? लेक येऊन काटा तपासेल. ती तिची लेक होती, तपासल्याशिवाय राहणार नाही. गुपचूप एक चांगलं पोतं फाटकात ठेवावं? फाटकातून आत कोण घेणार? खरं सांगायचं म्हटलं की डोळ्यांसमोर त्याचे ते कान यायचे, पण आता लाल नाहीत, हसणारे. मरण बरं, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तो पीळ तिच्या मानेत होता.

पण गिरणीत पट्ट्याचा आवाज नव्हता. तह झाल्यापासून सणासुदीला सोडून दुपारच्या वेळी ती अशी गप्प गिरणीत बसली नव्हती. ती शांतता तिला सोसेना. तिने चपला घातल्या.

कारखान्यात प्रेस चालू होता. पांढऱ्या धुळीने काकांच्या भुवया पिकल्या होत्या. जावई मिक्सरपाशी, लेक टेबलाशी काहीतरी लिहीत होती. गिरणीवाली दारातूनच ओरडली, कारण हळू बोलली असती तर बोलताच आलं नसतं.

"थांबवा ते! थांबवा म्हणते! जावईबापू, तुमच्या आठ तासांत माझी भुकटी जळेल एवढी ती लेचीपेची वाटली का? तुमच्या त्या ओव्हनची काय बिशाद! मी भाजली होती आधी. दोनशे दहावर. सहा तास! ऐकू आलं का? तुमच्या तोंडाला लागून भाजली! दमट, दमट, दमट. दीड वर्ष कान किटले माझे. म्हटलं, घ्या एकदाचं कोरडं! दोनदा भाजून काढली तेव्हा कुठे फुटली ती, आणि तुम्ही तिला नाजूक म्हणता? नाजूक तुमची अक्कल!"

काकांनी प्रेस बंद केला. त्यांनी तो स्वतःहून बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं.

जावई मिक्सरपासून पुढे आला. ती वाट बघत होती त्याच्या हसण्याची. तो हसला नाही. "दोनशे दहा," तो स्वतःशी म्हणाला. "मग बरोबर आहे. मग कवच चांगलं आहे." आणि मग तिला, "माझा तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून मी भाजलं. तुमचा माझ्यावर नव्हता म्हणून तुम्ही. मूर्ख आहोत दोघं. पण मी काल सांगून टाकलं."

"हो, तुम्ही फार मोठे सत्यवादी."

"आई," लेक म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. गिरणीवालीने वळून पाहिलं. लेक उठली नव्हती, पेनही तिने खाली ठेवलं नव्हतं.

"त्याने विचारलं असतं आणि तू खोटं बोलली असतीस, तर मी पोटात घातलं असतं. तुमचं ते चालतंच. पण काल विचारलं मी होतं."

"अगं, त्याच्यासमोर कसं..."

"माझ्याकडे बघून सांग म्हटलं होतं मी. आणि तू बघितलंस. मी या माणसाला परक्या बाईसमोर आंधळा म्हटलं, तुझ्या शब्दावर. घरी गेल्यावरही म्हटलं. सकाळी सही केली तीसुद्धा तुझ्याच शब्दावर. तुझी गिरणी बंद करणारी सही, आई. माझ्या हाताने."

"म्हणून तर आले ना सांगायला."

"गिरणीसाठी आलीस."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही जिची ख्याती, तिची जीभ टाळ्यालाच चिकटून राहिली. ती गिरणीसाठीच आली होती. दुपारभर ती जावयाच्या कानांचा विचार करत होती, लेकीचा एकदाही केला नव्हता.

लेकीने कामाचं बोलायला सुरुवात केली, आणि ते कामाचं बोलणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. पांढरी भुकटी थांबेल. दोन दिवसांत चार पोती नवी लागतील. एकशे पाच, चार तास. लेबल लावायची आता गरज नाही. "माल मागच्या दाराने आणायचा, बाकीचे पुरवठादार आणतात तसा. प्रत्येक पोतं उघडलं जाईल."

"कोण उघडणार? हे?" तिने जावयाकडे हनुवटी उडवली. "पुन्हा ट्रकवाल्यांसमोर माझी वरात काढणार?"

"मी उघडेन," लेक म्हणाली.

दोन दिवसांनी चार पोती गेली. आठव्या दिवशी बाकवाल्या बाईंनी गोळा टाकला तो फळीवर आपटून टेबलाखाली गडगडत गेला, फळीवर नुसता पुसट वण उठला. पाण्यातही ती नियमात बसली. ऑर्डर मिळाली. ही बातमी गिरणीवालीला काकांकडून कळली, लेकीकडून कुणी फोन केला नाही. गिरणी आता दिवसभर चालणार होती, कदाचित दोन पाळ्यांत. तिने पट्टा चढवला आणि कामाला लागली. जे वाचवायला गेली होती ते वाचलं होतं.

पुढच्या सोमवारी ती हातगाडीवर दहा पोती घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली. दोन हमाल होते, प्लास्टिकचा एक ट्रक उभा होता. जावई आतल्या बाजूला होता. त्याने तिला पाहिलं आणि चक्क दुसरीकडे गेला, बहुधा भिडेपोटी. लेक वजनकाटा आणि छोटी परात घेऊन बाहेर आली; भुकटी आधी तोलायची, परातीत तापवून पुन्हा तोलायची, वजन घटलं तर ओल. तिने पहिल्या पोत्याची शिवण कापली, हात आत कोपरापर्यंत घातला आणि तळाची मूठभर भुकटी काढून काट्यावर ठेवली.

"कोरडी आहे गं," गिरणीवाली म्हणाली.

"बघते," लेक म्हणाली आणि दुसऱ्या पोत्याकडे वळली.

हमाल बघत होते. यावेळी कुणी हसलं नाही. गिरणीवाली हातगाडीचा दांडा धरून उभी राहिली आणि दहाच्या दहा पोती उघडली जाईपर्यंत जागची हलली नाही. जावयाने उघडली असती तर शिव्या तरी देता आल्या असत्या.